मशीन बंदच होऊ देत नाही असा अँटीव्हायरस

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून काय काय येतं, म्हणून जूनमध्ये वर्षभराचा अँटीव्हायरस घेतला. नाव लिहीत नाही. व्हायरस पकडतो, त्यात खोट नाही. पण संध्याकाळी शटडाउन केलं की पडद्यावर चौकट: 'मेमरी कुड नॉट बी रीड'. ओके दाबा, पुन्हा तीच. लाइन गेलेली, इन्व्हर्टर टूं टूं करतंय अन् मशीन काही बंद होत नाही. शेवटी बटण दाबून धरायचं.

कंपनीला फोन केला तर म्हणे, "सर, विंडोज नवीन टाका." पीकविम्याच्या गर्दीत? वा रे बाप्पा!

मग स्वतःच बसलो. विंडोजची बिघाडांची नोंदवही असते ना, इव्हेंट व्ह्यूअर, त्यात ॲप्लिकेशनच्या नोंदी पाहिल्या. रोज शटडाउनच्याच वेळेला, त्याच अँटीव्हायरसच्या फाइलचं नाव. तेव्हा आठवलं, आधीचा फुकटवाला मी नुसता कंट्रोल पॅनेलमधून काढला होता. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत खोलवर चालणारा तुकडा, तसाच बसलेला, दोघांची जुंपलेली. सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतंच सुरू होतं त्यात) जाऊन जुन्याचं रिमूव्हल टूल चालवलं, नवाही काढून परत टाकला. चौकट गेली.

म्हणजे अर्धी चूक माझीच. पण टाकतानाच 'जुना शिल्लक आहे' एवढं सांगायला काय जात होतं? पाचपैकी अडीच तारे. वर्ष संपलं की विंडोजचा डिफेंडरच ठेवणार; दुसरा अँटीव्हायरस काढला की तो आपोआप सुरू होतो, अन् पैसेही लागत नाहीत.