कलर लेझर प्रिंटर, आठ महिन्यांनंतर: छपाई उत्तम, पण त्या पिवळ्या ठिपक्यांचं काय?

जुळे सोलापुरात आमचं टॉवेल-नॅपकिनचं छोटं घरगुती काम आहे. लेबलं, बिलं आणि मुलीच्या शाळेचे प्रकल्प छापायला कलर लेझर प्रिंटर घेतला. अक्षर कोरीव येतं, रंग फुटत नाहीत, कागद क्वचितच अडकतो. वाय-फाय मधूनच सुटतं, पण ते चालतं.

माझी तक्रार वेगळी आहे. बरेच कलर लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके छापतात, असं वाचलं होतं. एका रात्री लाइट घालवले, लेबलाच्या कोऱ्या भागावर निळ्या एलईडीचा उजेड टाकला आणि बाबांचं धागे मोजायचं घडीचं भिंग ठेवलं. निळ्या उजेडात पिवळं काळं दिसतं, म्हणून कोऱ्या कागदावर बारीक काळे ठिपके उमटले. बाबांनी जन्मभर कापडाचे इंचाला किती धागे तेच मोजलं. ते वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "हे डाग नव्हेत. रिपीट आहे बघ, पुन्हा पुन्हा तीच नक्षी येतीय."

२००५ साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने झेरॉक्स कंपनीच्या डॉक्युकलर प्रिंटरची अशीच नक्षी उलगडली होती. १५ बाय ८ ठिपक्यांच्या जाळीत छपाईची तारीख, वेळ आणि मशीनचा सिरियल नंबर! माझ्या मशीनच्या ठिपक्यांत काय आहे ते मला वाचता येत नाही. खोट्या नोटा छापणारे सापडावेत म्हणून ही सोय निघाली, त्याला माझा विरोध नाही. पण पैसे मोजून घेतलेली वस्तू माझ्या कागदावर स्वतःची खूण सोडते, हे मला आधी कळायला हवं होतं. खोक्यावर अक्षर नाही, माहितीपुस्तिकेत नाही. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा टोनर बदलायचा सल्ला मिळाला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय.

लेबलं-बिलांवर आमचं नाव असतंच, तिथे ठिपक्यांनी काही बिघडत नाही. त्या कामाला हा प्रिंटर जरूर घ्या. पण गेल्या महिन्यात शेजारच्या काकू पगार थकल्याचं निनावी पत्र छापायला घेऊन आल्या. नाव कळलं तर काम जाईल, ही त्यांची भीती. मी ते माझ्याकडे छापलं नाही. भावाकडे जुना ब्लॅक अँड व्हाइट लेझर आहे, त्यात पिवळा टोनरच नसतो. त्याच्याकडे जाऊन दोन प्रती काढल्या आणि भिंगाखाली तपासूनच काकूंच्या हातात दिल्या.