हब उघडण्याआधी विचारलेला एक प्रश्न : शिरवळजवळच्या गॅरेजचा अनुभव

आमच्या सहाचाकी मालवाहू ट्रकच्या मागच्या डाव्या चाकातून घरघर येऊ लागली आणि हब (चाकाचा मधला भाग) हात लावता येणार नाही इतका तापू लागला, तेव्हा पुणे-सातारा महामार्गावर शिरवळजवळ असलेल्या या गॅरेजमध्ये गाडी नेली. मिस्त्रींनी जॅक लावण्याआधी विचारले, "हब ग्रीसचा आहे की क्राउन ऑइलचा?" दोन महिन्यांपूर्वी दुसरीकडे ब्रेकचे लायनर बदलून घेतले, तेव्हा हे कोणी विचारले नव्हते.

या ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल फुल फ्लोटिंग आहे. म्हणजे भार हबमधल्या दोन टेपर रोलर बेअरिंगांवर पडतो आणि आतला शाफ्ट (फिरणारा दांडा) फक्त चाक फिरवतो. अशा काही हबांत ग्रीस भरतात, तर काहींत क्राउनमधले, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरपेटीतले, गिअर ऑइलच अ‍ॅक्सलच्या नळीतून येऊन बेअरिंगे भिजवते. आमचा हब दुसऱ्या प्रकारचा. तरीही शाफ्ट ओढताच आतून काळपट ग्रीसचे गोळे निघाले. आधीच्या कारागिराने बहुधा काळजीपोटीच ते कोंबले असावे, पण त्याने तेलाची वाट अडली आणि आतल्या बेअरिंगचे रोलर तापून निळे पडले.

मिस्त्रींनी दोन्ही बेअरिंगे कपांसह (बाहेरच्या कड्यांसह) बदलली, हब रॉकेलने धुऊन कोरडा केला, नवे ऑइल सील बसवले आणि बेअरिंगांना ग्रीसऐवजी गिअर ऑइलच चोळले. अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर (हवा जाण्याचे तोंड) मातीने बुजला होता, तोही साफ केला; तो बंद राहिला की आतला दाब वाढून तेल सीलमधून ब्रेकच्या लायनरवर उतरते.

मला सर्वांत पटले ते त्यानंतरचे काम. क्राउनमध्ये लेव्हलपर्यंत तेल भरल्यावर त्यांनी अ‍ॅक्सलची डावी बाजू सुमारे ६ इंच उचलून १ मिनिट धरली, मग उजवी तशीच उचलली, जेणेकरून तेल दोन्ही हबांत उतरावे. गाडी सपाट जागेवर आणून पुन्हा लेव्हलचा नट उघडला, तर तेल खाली गेलेले होते. ते पुन्हा भरले. हे टाळले असते, तर नवी बेअरिंगे पहिले काही किलोमीटर जवळजवळ कोरडीच फिरली असती.

त्याच वेळी माझ्या कारच्या मागच्या चाकांनाही ग्रीसिंग करून द्या म्हणालो, तर तिथे सीलबंद बेअरिंग आहे, आवाज आला की ते बदलायचे, असे सांगून त्यांनी काम घेतलेच नाही.

तक्रार दोन गोष्टींची. अर्ध्या दिवसाचे काम संध्याकाळपर्यंत लांबले, आणि बिलावर नुसते 'ऑइल' लिहिले होते. ८५डब्ल्यू-१४० हा ग्रेड मला मागून लिहून घ्यावा लागला.