फॉरमॅट न मारणारं दुकान

१८ तारखेला संध्याकाळी संगणक सुरू केला तर काळा पडदा. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत ‘ग्रब’, पुढे एक बाण आणि लुकलुकणारी रेघ. बाकी काही नाही. २० तारीख जीएसटीच्या थ्रीबी रिटर्नची, माझ्याकडे ११ जणांची रिटर्न बाकी आणि टॅलीचा शेवटचा बॅकअप पेनड्राइव्हवर ९ दिवसांपूर्वीचा. पोटात गोळाच आला.

सीपीयू उचलून आधी घराजवळच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने पडदा पाहिला न पाहिला आणि म्हणाला, “विंडोज उडालंय मॅडम. फॉरमॅट मारावा लागेल. डेटाची गॅरंटी नाही. २,८०० रुपये.” याच दुकानाने चार महिन्यांपूर्वी माझं घड्याळ मागे पडतंय म्हणून मदरबोर्डावरची बटण बॅटरी बदलून दिली होती. दोनदा. घड्याळ तरीही मागेच. तेव्हा या खेपेला मी सीपीयू उचलला आणि रिक्षात बसले.

ज्या दुकानाबद्दल लिहायचंय ते एम. जी. रोडच्या मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर आहे. दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव लिहिण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या क्लायंटने मला “जिन्याखाली चहावाला बसतो तिथे वर जा” एवढाच पत्ता दिला होता. जिना अरुंद आणि उंच. पन्नाशीतली बाई एका हातात सीपीयू आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून चढतेय हे पाहून वरून कोणी खाली येईल असं वाटलं होतं. कोणी आलं नाही. माझ्या रेटिंगमधला एक तारा तिथेच गेला.

दुकानातले दादा कमी बोलतात. पण पहिला प्रश्न त्यांनी हा विचारला: “ताई, बंद पडायच्या आधी याला कोणी हात लावला होता?”

हा प्रश्न मला आधी कोणीच विचारला नव्हता. मी सांगितलं, मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला असतो. सुट्टीत आला तेव्हा त्याने याच मशीनमध्ये दुसरी एसएसडी, म्हणजे डेटा ठेवायची डिस्क, लावून तिच्यावर उबंटू (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) टाकलं होतं. माझं विंडोज वेगळ्या डिस्कवर, त्याचं उबंटू वेगळ्या, एकमेकांचा काही संबंध नाही असं त्याने मला छातीठोक सांगितलं होतं. आणि आज सकाळी जाताना तो आपली एसएसडी काढून हॉस्टेलला घेऊन गेला.

दादा हसले. मशीन चालू केलं, एफ १२ दाबत राहिले. एक छोटी यादी आली. तिच्यात ‘उबंटू’ होतं आणि खाली ‘विंडोज बूट मॅनेजर’. खालचं निवडून एंटर मारलं आणि दहा-बारा सेकंदांत माझा डेस्कटॉप समोर, टॅलीच्या आयकॉनसकट. जीव भांड्यात पडला. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन त्यांनी विंडोजला यादीत वर घेतलं, सेव्ह केलं. सगळं मिळून सात मिनिटं. ३०० रुपये.

झालं काय होतं, ते त्यांनी चहा येईपर्यंत सांगितलं. हल्लीच्या मशीनमध्ये डिस्कवर सुरुवातीला एक छोटा कप्पा असतो, ईएफआय पार्टिशन म्हणतात त्याला. सिस्टिम सुरू करणारी फाइल त्यात असते. मुलाने टाकलेल्या उबंटू २२.०४ च्या इन्स्टॉलरला खोड अशी की, उबंटू दुसऱ्या डिस्कवर टाकलं तरी ही सुरुवातीची फाइल तो पहिल्या डिस्कच्या कप्प्यात, म्हणजे विंडोजच्या शेजारी, ठेवून देतो आणि यादीत स्वतःला वर लावतो. बोर्डाला ती फाइल सापडते, ती चालूही होते, पण पुढचं सगळं सामान ज्या डिस्कवर तीच पुण्याला गेलेली. म्हणून नुसतं ‘ग्रब’, उबंटू सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं नाव. थोडक्यात चिरंजीव बिऱ्हाड घेऊन गेले आणि कुलूप माझ्या दाराला लावून गेले.

त्यांना आधी वेगळी शंका होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने दोन सिस्टिम असलेल्या बऱ्याच मशीनवरचं लिनक्स (उबंटू त्यातलंच) बंद पाडलं होतं, पण तेव्हा ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश यायचा म्हणाले. आमचा आजार साधा निघाला.

दिवाळीत मुलगा एसएसडीसकट आला तेव्हा त्याला घेऊन पुन्हा गेले, कायमचा इलाज करायला. या वेळी जिन्यावर सीपीयू त्याच्या हातात. दादांनी आधी “बिटलॉकर चालू आहे का” ते बघितलं. बिटलॉकर म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. चालू असेल तर मशीन सुरू व्हायच्या व्यवस्थेत हात घातल्यावर विंडोज ४८ आकडी किल्ली मागू शकतं, आणि ती कुठे लिहून ठेवलेली नसेल तर खरोखरच डेटा गेला. आमचं बंद होतं. मग त्यांनी माझी डिस्क, च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती एनव्हीएमई, बोर्डावरून चक्क काढून टेबलावर ठेवली. “आता चुकायला जागाच नाही,” म्हणाले. पेनड्राइव्हवरून उबंटू चालू करून मुलाच्या एसएसडीच्या शेवटी ५१२ एमबीचा नवा कप्पा पाडला, ग्रब तिथे बसवला, एका फाइलमध्ये कप्प्याचा नंबर बदलला. ती एसएसडी एकटी सुरू होते याची खात्री केली, माझी डिस्क परत लावली आणि माझ्या डिस्कमधली उबंटूची फाइल पुसली.

आणि घड्याळ! विंडोज बोर्डावरच्या घड्याळाला आपली स्थानिक वेळ समजतं, उबंटू त्यालाच जागतिक वेळ समजून बदलतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. म्हणून मुलाने रात्री उबंटू वापरलं की सकाळी दहाला माझं मशीन साडेचार दाखवायचं. उबंटूमध्ये एका ओळीची कमांड, संपलं. बॅटरीचे माझे ३०० रुपये मात्र गेले ते गेलेच.

दुसऱ्या खेपेचे ६०० घेतले. मुलगा एसएसडी काढतो, लावतो, विंडोजला पत्ता लागत नाही.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. दुपारी १ ते ४ बंद, आणि हे कुठेही लिहिलेलं नाही, मी एकदा कुलूप बघून परत आलेय. घरी येत नाहीत. पार्किंग नाही, स्कूटरसुद्धा लांब लावावी लागते. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर. आणि सीपीयूच्या बाजूच्या पत्र्याचा एक स्क्रू तिथेच राहिला. मी अजून आणायला गेले नाहीये, तो जिना आठवतो.