अडत कापा, पण पट्टी द्या: स्वाइप मशीनची दोन वर्षं

बेळगावच्या वडगावात घराच्या पुढच्या खोलीत माझं साड्यांचं दुकान आहे. वर्षाची उलाढाल १७ लाखांच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी एका खासगी बँकेचं स्वाइप मशीन घेतलं ते गोव्याच्या गिऱ्हाइकांसाठी. लग्नाचा बस्ता बांधायला चोर्ला घाटातून येणारी ही मंडळी खिशात रोकड ठेवत नाहीत आणि 'कार्ड चालत नाही' म्हटलं की शहापूरच्या खडेबाजारात जाऊन बसतात.

बँकेचा मुलगा मशीन लावायला आला तेव्हा प्रत्येक विक्रीमागं बँक किती कापणार तो दर विचारला. "अक्का, चिंता माडब्याडरी," म्हणाला आणि सही घेऊन गेला. मीही चिंता केली नाही. तिथंच चुकलं.

मशीन म्हणून बघायचं तर वाईट नाही. चार्जिंग दिवसभर पुरतं, पावती स्वच्छ निघते, पैसे दुसऱ्या दिवशी खात्यावर येतात. पावसाळ्यात रेंज गेली की मात्र ते हातात घेऊन रस्त्यावर उभं राहावं लागतं. एकदा गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले आणि माझ्या मशीनवर काहीच आलं नाही. त्या बाई घाबरल्या, मीही. अशा वेळी पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, नाहीतर बँकेनं दिवसाला १०० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. त्यांचे तिसऱ्या दिवशीच परत आले.

माझी तक्रार आहे ती कापाकापीबद्दल.

माझे वडील रताळ्याची पोती घेऊन बेळगावच्या मार्केट यार्डात यायचे. अडत्या अडत, म्हणजे त्याचं कमिशन, कापायचा, हमाली, तोलाई कापायचा, पण सगळं पट्टीवर लिहून द्यायचा. घरी आल्यावर आई ती पट्टी वाचायची आणि मग दोघांचं भांडण व्हायचं. निदान भांडायला कागद तरी होता! बँक नुसती कापून उरलेली रक्कम खात्यावर टाकते. पट्टी हवी असेल तर पोर्टलवर जा, पासवर्ड टाका, उतारा काढा. पहिले आठ महिने मी तो काढलाच नाही.

पुतण्यानं काढून दिला तेव्हा एका साडीवर बोट ठेवून बसले. इरकल, ६,८०० रुपये, क्रेडिट कार्ड. १.८ टक्क्यानं १२२ रुपये ४० पैसे, त्यावर १८ टक्के जीएसटी २२ रुपये ३ पैसे. एकूण १४४ रुपये ४३ पैसे. त्या साडीत मला ७०० रुपये सुटणार होते, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. ज्यांचा जीएसटी नंबर आहे त्यांना तो कर पुढं वळता करून घेता येतो. माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही म्हणून मी घेतलेली नाही, त्यामुळं ते २२ रुपये माझेच गेले. २,००० च्या आतल्या व्यवहारांवर हा कर नव्हता, तेवढं बरं.

क्रेडिट कार्डाला दराची मर्यादाच नाही, तिथं बोलून उपयोग नाही. डेबिट कार्डाला आहे. १ जानेवारी २०१८ पासून वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या दुकानदाराला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यावरच्याला ०.९०. रुपे डेबिट आणि यूपीआयला २०२० पासून शून्य. उताऱ्यात माझ्या बाकीच्या डेबिट व्यवहारांपुढं सगळीकडं ०.९० होतं. मला मोठ्या दुकानदारात बसवलं होतं! वडगावातली ही एक खोली बघून गेलेल्या मुलानंच.

कॉल सेंटरला फोन केला. कन्नड, हिंदी, इंग्रजी यांतलं निवडा म्हणाले. कन्नड निवडलं, छान बोलल्या बाई, काम काही झालं नाही. मग सीएकडून उलाढालीचा दाखला घेऊन शाखेत लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि शेवटी लिहिलं की ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. सव्विसाव्या दिवशी दर बदलला. मागचे पैसे तीनच महिन्यांचे मिळाले. बाकीच्यासाठी भांडायचं होतं, पण लग्नसराई सुरू झाली आणि राहिलं.

दुसरं दुखणं भाड्याचं. महिन्याला ३५० आणि जीएसटी धरून ४१३. पितृपंधरवड्यात साडीला कोण हात लावतंय? भाडं मात्र कापलं जातंच. हे घेताना कुणी सांगितलं नव्हतं, अर्जात होतं म्हणे.

शेजारचे एक काका कार्ड दिसलं की दोन टक्के वर मागतात. डेबिटवर तसं मागता येत नाही, नियम आहे. मी मागत नाही. पण माझ्याकडं रोख देणाऱ्याला फॉल-पिको फुकट असतं, एवढं कबूल करते. जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या आकड्यांवरून कर्नाटकातल्या छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या तेव्हा आमच्या गल्लीत क्यूआर कोड झाकले गेले होते. मी झाकला नाही. हिशेब वहीत आहे, भ्यायचं कशाला?

पाचपैकी अडीच देईन. मशीनला चार, बँकेला एक. घेणार असाल तर मुलाकडून तीन आकडे कागदावर लिहून घ्या: डेबिट, क्रेडिट, भाडं. परवा दुसऱ्या एका कंपनीचा मुलगा 'भाडं शून्य' म्हणत आला होता. त्याच्यापुढं वही सरकवली, लिही म्हटलं. सरांना विचारून सोमवारी येतो म्हणाला. जुनं मशीन अजून काउंटरवरच आहे.