घरगुती झिगझॅग शिलाई मशीन, आठ महिने रोज वापरून

आठ महिने झाले मशीन घरात येऊन, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर "अजिबात घेऊ नका" असंच लिहिलं असतं आणि तो मशीनवर अन्याय झाला असता, कारण त्या पंधरा दिवसांतला बहुतेक त्रास मशीनचा नव्हता, ते नीट लावलं नव्हतं त्याचा होता. मशीन चांगलं आहे. काज सोडून बाकी सगळ्यावर मी खूश आहे, काजाचं खाली सांगतेच.

मॉडेल साधंच आहे, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) पुढून डबीत घालायची, टाक्याची लांबी ० ते ४, रुंदी ० ते ५ मिलिमीटर, टेन्शनचं, म्हणजे वरच्या दोऱ्याच्या ताणाचं, बटण ० ते ९, उलट टीपेची दांडी, चार पायऱ्यांचं काज, आणि पुढचा भाग काढला की बारीक हात उरतो ज्यात बाही किंवा पँटचा पाय घालून गोल शिवता येतो. स्क्रीन वगैरे काही नाही. याच्या आधी माझ्याकडे फक्त सरळ टीपेचं मशीन होतं आणि त्यावर मी वर्षानुवर्षं शिवलंय, पण दोन गोष्टींना कायम अडायचे. एक म्हणजे कापलेल्या कडेचे दोरे सुटणं, दुसरं म्हणजे टी-शर्टचं कापड, सरळ टीप मारली की घालताना ताणलं आणि कट्‌कन टीप तुटली. झिगझॅग टाका नागमोडी असल्यामुळे कापड ताणलं की तो सरळ होतो आणि सोडलं की परत दुमडतो, म्हणून तुटत नाही, एवढ्या एका कारणासाठी घेतलं म्हटलं तरी चालेल.

आता लावण्याबद्दल, कारण खरी मेख इथेच आहे. सोबत आलेलं पुस्तक मला आवडलं नाही, चित्रं इवलीशी आणि एका पानावर सहा भाषा, त्यामुळे बऱ्याच गोष्टी करून बघूनच कळल्या.

सगळ्यात आधी सुई. घरगुती मशीनच्या सुईच्या पाकिटावर १३०/७०५ एच असं लिहिलेलं असतं, तीच घ्यायची, कारखान्यातल्या मशीनची गोल दांड्याची सुई यात चालत नाही. घरगुती सुईचा दांडा एका बाजूने सपाट असतो आणि ती सपाट बाजू माझ्या मशीनमध्ये मागे जाते, पुढून बॉबिन घालायच्या बहुतेक मशीनमध्ये असंच असतं. सुई पार वरपर्यंत ढकलून मग स्क्रू आवळायचा, जराशी जरी खाली राहिली तरी टाके सुटतात. सुई उजेडात धरून बघा, भोकाच्या मागच्या अंगाला एक खळगा दिसेल, पाकिटावरचा एच त्या खळग्यासाठीच असतो. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा मागे दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो आणि खाली डबीभोवती फिरणाऱ्या शटलचं टोक तो फास पकडतं, खळग्यामुळे ते टोक सुईच्या अगदी जवळून जाऊ शकतं. म्हणून सुई उलटी बसली की एकही टाका पडत नाही आणि आपल्याला वाटतं मशीनच बंद पडलं.

नंबरचं सांगायचं तर ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर, पाकिटावर ९०/१४ असं दोन्ही लिहितात. साध्या सुती कापडाला ९०, पातळ कापडाला ७५ किंवा ८०, जीन्सला १००. टी-शर्टच्या कापडाला मात्र गोल टोकाची सुई वेगळी मिळते ती लागतेच, टोकदार सुई विणीचा दोरा तोडते आणि दोनतीन धुण्यांत तिथे बारीक बारीक भोकं दिसायला लागतात. माझा एक चांगला शर्ट असा गेला.

दुसरं बॉबिन. बॉबिन सगळ्या एकसारख्या दिसतात पण नसतात, उंचीत दोनतीन मिलिमीटरचा फरक असतो आणि तेवढ्यानेच डबीत खडखड होते. मशीनसोबत आलेली एक बॉबिन नमुन्याला जवळ ठेवा आणि दुसऱ्या घेताना शेजारी धरून बघा. भरताना सुरुवातीला दोरा हाताने ताणून धरायचा आणि हळू भरायचा, सैल भरलेली बॉबिन पुढे तासभर छळते. डबीत घातल्यावर दोरा फटीतून पत्र्याच्या पट्टीखाली नीट गेला का ते बघायचं, मग दोऱ्याला धरून डबी लोंबती सोडायची आणि हलका झटका द्यायचा, थोडीशी खाली सरकून थांबली म्हणजे ताण बरोबर. धाडकन खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. डबीला एक बोट असतं ते बरोबर वर, खाचेत बसलं पाहिजे, बसताना टक्‌ असा आवाज येतो, तो ऐकल्याशिवाय मी झाकण लावत नाही.

आणि मग तो गुंता, ज्याच्यामुळे मी मशीन परत करायला निघाले होते. वरून टीप छान दिसायची आणि कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं नुसतं जाळं, इतकं की कापड मशीनला चिकटून बसायचं आणि कात्रीने सोडवावं लागायचं. मी बॉबिन तीनदा बदलली, डबीचा स्क्रू फिरवला, दोरा बदलला, काही नाही. शेवटी आत्या आली होती ती शेजारी बसली, मी दोरा ओवताना बघत होती, आणि म्हणाली, "अगं, दाब खाली ठेवून काय ओवतेस? वर कर आधी." बास. दाब म्हणजे दाबपट्टी, सुईखाली कापड दाबून धरते ती, खाली असली की टेन्शनच्या तबकड्या एकमेकींवर आवळलेल्या असतात, दोरा त्यांच्या मधे जातच नाही, वरवर राहतो. म्हणजे वरच्या दोऱ्याला ताणच नाही, आणि तो सगळा सैल दोरा खाली जाऊन गोळा होतो. आपण बघतो खाली आणि दोष असतो वर! मी म्हटलं, "आत्या, पुस्तकात ही ओळ आहे गं, पण माझ्या लक्षातच आली नाही." तर ती म्हणाली, "आता जन्मात विसरणार नाहीस," आणि खरंच तेव्हापासून खालचा गुंता दिसला की मी डबीला हात लावत नाही, आधी दाब वर करून वरचा दोरा पहिल्यापासून परत ओवते, दहातल्या नऊ वेळा काम तिथेच होतं.

ओवताना वर-खाली होणारा जो हात असतो त्याच्या भोकातून दोरा गेलाय ना ते पण बघायचं, तो चुकला तरी असाच गुंता. आणि सुरुवात करताना दोन्ही दोरे दाबपट्टीच्या खालून मागे घेऊन बोटभर लांब धरून ठेवायचे पहिल्या तीनचार टाक्यांपुरते. चाक हाताने फिरवायचं ते नेहमी आपल्याकडे, उलटं नाही.

आता झिगझॅग. सरळ टीपेला सुई फक्त वर-खाली होते, यात ती डावी-उजवीकडे पण झुलते, आणि झुलायचं काम ती कापडाच्या बाहेर असतानाच करते. म्हणून सुई कापडात रुतलेली असताना रुंदीचं बटण कधीच फिरवू नका, सुई वाकते, आणि वाकलेली सुई पुढच्या टाक्याला प्लेटवर आपटते. दाबपट्टी पण आडव्या लांब फटीचीच पाहिजे. सरळ टीपेच्या पट्टीला बारीक गोल भोक असतं, ती लावलेली राहिली आणि झिगझॅग चालू केलं तर सुई पट्टीवरच आपटून तुटते आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. टाका बदलला की मी पहिला टाका पायडल न दाबता चाक हाताने फिरवून घेते, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, सुई कुठे लागत नाही बघते आणि मगच पाय ठेवते.

कडेसाठी मी रुंदी ५ आणि लांबी २ ठेवते, आणि कापड असं धरते की सुई उजवीकडे झुलली की कडेच्या अगदी बाहेर पडावी, म्हणजे दोरा कडेला गुंडाळला जातो. आत पडली तर कडेचे दोरे मोकळेच राहतात. पातळ कापडावर मात्र एवढ्या रुंद टाक्याने कापड मधे गोळा होऊन नळीसारखं वर येतं, तेव्हा रुंदी ३ वर आणते, टेन्शन एक आकडा कमी करते, आणि तरी नाहीच ऐकलं तर खाली पातळ कागद ठेवून शिवते आणि नंतर तो अलगद फाडून काढते. कागदाची युक्ती फार कामाची आहे. एकंदरीतच झिगझॅगला वरचं टेन्शन सरळ टीपेपेक्षा थोडं सैल लागतं, कापड उलटं केल्यावर कोपऱ्यांवर वरच्या दोऱ्याचं अगदी बारीक टोक दिसलं पाहिजे, आणि वरच्या बाजूला खालचा दोरा अजिबात दिसता कामा नये. हे बघायला मी वर लाल आणि खाली निळा दोरा लावून एका चिंधीवर सगळ्या सेटिंगच्या ओळी मारल्या आणि प्रत्येक ओळीशेजारी पेनने आकडे लिहिले, ती चिंधी मशीनच्या कव्हरमध्येच असते, पुस्तकापेक्षा तीच जास्त उघडते मी.

टी-शर्टच्या जोडाला रुंदी अर्धा ते एक आणि लांबी अडीच, लांबून सरळच दिसते पण ताणते. फक्त कापड मागून ओढायचं नाही, प्लेटमधले कापड पुढे सरकवणारे दाते त्यांच्या चालीने नेतात तेवढंच जाऊ द्यायचं, ओढलं की कड लाटेसारखी होते आणि इस्त्रीने पण बसत नाही. जीन्सच्या खालच्या दुमडीला जिथे जाड शिवण येते तिथे दाबपट्टी पुढून वर उचलली जाते आणि टाके तिथल्या तिथे पडायला लागतात, तेव्हा पट्टीच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवायची, पट्टी सपाट झाली की आरामात पुढे जातं. चार थर माझ्या मशीनने नेले, सहा थरांना मी चाक हातानेच फिरवलं. बटण पण यावरच लावते, दाते खाली करायचे, लांबी शून्य, रुंदी बटणाच्या भोकांमधल्या अंतराएवढी, आणि आधी चाक हाताने फिरवून सुई दोन्ही भोकांत बरोबर उतरते ना ते बघायचं.

काज मात्र मला पटलं नाही. चार पायऱ्या म्हणजे एक बाजू, वरचा टाका, दुसरी बाजू, खालचा टाका, प्रत्येकाला आपणच बटण फिरवायचं. डाव्या बाजूचे टाके दाट येतात आणि उजव्या बाजूचे विरळ, कारण एक बाजू पुढे जाताना शिवली जाते आणि दुसरी मागे येताना, आणि दोन्हीकडची चाल तंतोतंत एकसारखी नाही. लांबी अर्ध्याच्या आसपास ठेवून, कापडाच्या मधे कडक अस्तर घालून बरंच सुधारलं, पण शर्टाच्या सात काजांतलं एक तरी वाकडं जातंच. ज्यांना मुख्यतः शर्टच शिवायचेत त्यांनी एका पायरीत काज करणारं मशीन बघावं, असं मी स्पष्ट सांगेन.

एक खरी तक्रार पण आहे. तिसऱ्या महिन्यात झिगझॅगचा फक्त एकाच बाजूचा टाका सुटायला लागला, सरळ टीप एकदम उत्तम. सुई बदलली, परत ओवलं, फरक नाही. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी फोनवर तीनदा "दोरा बदलून बघा" एवढंच सांगितलं, मशीन बघायलाच तयार नव्हते. शेवटी एका जुन्या मेकॅनिककडे नेलं, त्यांनी चाक हळूहळू फिरवून दाखवलं, सुई एका बाजूला झुलली की शटलचं टोक फासापाशी वेळेवर पोचतच नव्हतं. टायमिंग हललेलं. अर्ध्या तासात बसवून दिलं, तेव्हापासून एक टाका सुटलेला नाही. म्हणून नवीन मशीन घेताना नुसती सरळ टीप बघून समाधान मानू नका, सगळ्यात रुंद झिगझॅग लावून वीतभर शिवून बघा आणि दोन्ही बाजूंचे टाके बोटाने मोजा.

साफसफाई सोपी आहे आणि ती मी मनापासून करते. प्लग काढायचा, सुई वर, डबी काढायची, दोन काळे खटके बाजूला केले की कडं निघतं आणि मग शटल, माझ्या मशीनमध्ये आधी चाक फिरवून शटलची अर्धी चंद्रकोर डावीकडे आणावी लागते, नाहीतर परत बसत नाही. आत करड्या रुईचा केवढा गोळा निघतो बघा, विशेषतः टॉवेल शिवल्यावर! ब्रशने काढायचा, फुंकायचा नाही, ओलावा जातो आत. मग शटल फिरतं त्या कडेवर मशीनच्याच तेलाचा एक थेंब, आणि टाकाऊ कापडावर दोनचार ओळी मारायच्या म्हणजे जास्तीचं तेल तिथे उतरतं.

अमेरिकेतल्या हेलन ब्लँचर्ड यांनी झिगझॅग टाक्याच्या मशीनचं पेटंट १८७३ साली घेतलं होतं. दीडशे वर्षं झाली तरी टाका तोच, सुई डावीकडे, सुई उजवीकडे, आणि अजूनही कडेला यापेक्षा सोपं काही मला माहीत नाही. ज्यांना खूप कपडे, रोज, वेगाने शिवायचेत त्यांना कडेसाठी वेगळं ओव्हरलॉक मशीन लागेलच, ते कड कापत कापत शिवतं, हे तसं करत नाही. पण घरचे कपडे, पडदे, अभ्रे, फाटलेल्या पँटला आतून ठिगळ, मुलांच्या टी-शर्टच्या उसवलेल्या दुमडी, याला हे एक मशीन पुरतं. गेल्या रविवारी कपाटातले घालायचे राहिलेले अकरा टी-शर्ट काढले आणि संध्याकाळपर्यंत सगळे दुरुस्त करून घड्या घालून ठेवले, सुई एकच, गोल टोकाची ७५ नंबरची, आणि टीप एकाचीही तुटली नाही.