स्टॉपर की फुलबॅक? बचावपटू व्हायचंय, पण जागा कुठली?

फुटबॉलमध्ये स्टॉपर म्हणजे गोलसमोर मधोमध खेळणारा बचावपटू आणि फुलबॅक म्हणजे डाव्या किंवा उजव्या कडेचा. लिव्हरपूलच्या दोन सामन्यांच्या क्लिप आधी बघून घ्या. जानेवारी 2018, समोर मँचेस्टर सिटी. लेफ्ट-बॅक, म्हणजे डावीकडचा फुलबॅक, अँडी रॉबर्टसन आपली जागा सोडून एकापाठोपाठ एकावर धावून जातो, थेट गोलकीपरपर्यंत. मार्च 2019, समोर टॉटनहॅम. सिसोको आणि सोन दोघं सुसाट येतायत आणि आडवा एकटा स्टॉपर व्हॅन डाइक. तो टॅकल करतच नाही. सोनकडे जाणारा पास बंद करत मागे सरकतो आणि सिसोकोला डाव्या पायाने मारायला लावतो. बॉल बारवरून बाहेर!

फुलबॅकला दमसास हवा, स्टॉपरला धीर. बाजारभावातही तेवढंच अंतर. रॉबर्टसनला 2017 मध्ये सुमारे 80 लाख पौंडांत घेतलं. काही महिन्यांनी व्हॅन डाइकसाठी मोजले साडेसात कोटी. लहान चणीचा म्हणून सेल्टिकने रॉबर्टसनला पोरवयातच सोडलं होतं, हेही लक्षात ठेवा. स्टॉपरला उंची लागतेच, असं प्रशिक्षक सांगतात. मग इटलीचा स्टॉपर, 5 फूट 9 इंचांच्या कॅनव्हारोने 2006 मध्ये कर्णधार म्हणून विश्वचषक आणि वर बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, कसा मिळवला? मिळवला खरा, पण असे अपवाद मोजकेच. हेडरला कमी पडत असाल तर कॅनव्हारोच्या उदाहरणावर विसंबू नका.

वय वाढलं की पारडं स्टॉपरकडे झुकतं. वेग ओसरला की फुलबॅकची पंचाईत होते. स्टॉपर मात्र खेळ वाचून, जागा धरून निभावून नेतो. इटलीचा माल्दिनी मिलानकडून सोळाव्या वर्षी उतरला. पुढे बरीच वर्षं लेफ्ट-बॅक खेळला, मग मधे सरकला आणि 2009 मध्ये चाळिशीत थांबला.

एवढं वाचून स्टॉपरच व्हावंसं वाटेल. पण आपल्याकडचं गणित वेगळं आहे. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) परदेशी खेळाडूंची जागा मर्यादित आणि क्लब ती बहुतेकदा स्ट्रायकर, मिडफिल्ड आणि स्टॉपरवर खर्च करतात. भारतीयांना उरते ती फुलबॅकची जागा. 2020-21 ची विजेती मुंबई सिटीच बघा: मधे परदेशी मुर्तदा फॉल आणि एर्नान सांताना, कडेला मुंबईचा अमेय रानवडे, गोव्याचा मंदार राव देसाई. मंदार तर मुळात विंगर. एफसी गोवात असताना प्रशिक्षक लोबेराने त्याला लेफ्ट-बॅक केलं. संदेश झिंगनसारखा भारतीय स्टॉपर वर्षानुवर्षं टिकतो, पण अशी नावं पटापट सुचत नाहीत.

म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी, उंची सहा फुटांच्या आसपास जाण्याची चिन्हं नसतील तर माझं मत सरळ फुलबॅकला. डावा पाय चालत असेल तर विचारच करू नका, डावखुरे फुलबॅक सगळ्यांनाच हवे असतात. उंच असाल तर स्टॉपरच खेळा, पण पासिंगवर आत्तापासून घाम गाळा. ट्रायलला जाताना फॉर्मवर नुसतं 'डिफेंडर' लिहू नका, जागा लिहा.