होल्डफास्टची पकड भोकात असते: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

सुतारकामाच्या बेंचवर लाकूड धरून ठेवायला होल्डफास्ट घ्यावा का? घ्यावा. पण आधी बेंचच्या फळीची जाडी मोजा. वस्तू चांगली की वाईट हे लोखंडावर जेवढं ठरतं, त्याहून जास्त ते ज्या भोकात बसणार त्या भोकावर ठरतं. सोलापूरचा कडक उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा असे दोन्ही ऋतू रोज वापरल्यावर हेच पक्कं झालंय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: उलट्या 'एल'सारखा वाकवलेला लोखंडी गज. उभा दांडा बेंचच्या भोकात जातो, आडव्या हाताच्या टोकाला चपटा पंजा असतो, तो लाकडावर टेकतो. मानेवर, म्हणजे गज वळतो तिथे, वरून एक ठोका दिला की लाकूड धरलं जातं. दांड्याला मागून एक ठोका दिला की सुटतं. स्क्रू नाही, वेगळी स्प्रिंग नाही. जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबणाऱ्या सुताराला याची गरज नसते. उभ्याने काम करणाऱ्याला मात्र जी-क्लॅम्प फिरवत बसण्यापेक्षा हे कितीतरी पटीने सोपं, आणि क्लॅम्प जिथे पोहोचत नाही त्या बेंचच्या मध्यावरही चालतं.

आमच्याकडे दोन जोड्या आहेत. एक लोहाराकडून घडवून घेतलेली, दुसरी ऑनलाइन घेतलेली ओतीव, बिडाची. बेंचची फळी बाभळीची, 75 मिमी जाड. पाय जुन्या वाड्याच्या सागवानी तुळयांचे. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात 'होल्डफास्ट' म्हटलं की दाराची चौकट भिंतीत धरणारी पट्टी पुढे येते, त्यामुळे कागदावर आकृती काढूनच न्या.

आता पकड कशी बसते ते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पंजा लाकडावर टेकला की लाकूड त्याला वर रेटतं. त्यामुळे दांडा भोकात किंचित तिरपा होतो आणि दोन ठिकाणी आवळून बसतो: भोकाच्या वरच्या तोंडाशी पंज्याच्या विरुद्ध कडेला, आणि खालच्या तोंडाशी पंज्याच्या बाजूच्या कडेला. या दोन कडांवरचं घर्षण म्हणजे पकड. दांड्यापासून पंज्यापर्यंतचं अंतर, म्हणजे पल्ला, आमच्या जोडीत 175 मिमी आहे. पल्ल्याला फळीच्या जाडीने भागा: 175 भागिले 75, साधारण 2.3. पंज्याखाली 100 किलोचा दाब बसला तर भोकाच्या त्या दोन कडांवर प्रत्येकी 230 किलोच्या आसपास रेटा येतो. बाभूळ तो मुकाट सोसते.

हाच होल्डफास्ट 18 मिमीच्या प्लायवर लावला तर भागाकार जातो पावणेदहाच्या घरात. पकड बसते, पण कडा चेपत जातात आणि थोड्याच दिवसांत भोक लांबुळकं होतं. दोन प्लाय चिकटवून 36 मिमी केले तर हलक्या कामाला चालतं. दुरुस्ती सोपी आहे: भोकाच्या जागी खालून 40 मिमीचा बाभळीचा तुकडा फेविकॉल आणि स्क्रूने जोडायचा, मग भोक पाडायचं. पॅकिंगच्या पेटीच्या पाइनचा बेंच असेल तर जाडी असूनही कडा लवकर दबतात, तिथेही हाच तुकडा कामाला येतो.

उलट टोकाला, जास्त जाडीही नडते. लाकूड आणि लोखंडाचं घर्षण 0.3 धरलं तर 175 मिमी पल्ल्याला साधारण 105 मिमी जाडीपर्यंतच दांडा स्वतःहून अडकून राहतो. त्यापुढे ठोका द्या, तो वर उसळतो. पाच इंची फळीवर होल्डफास्ट धरत नाही अशी तक्रार असते तिचं कारण बहुतेक वेळा हेच. उपाय खालच्या बाजूने: 30 मिमीच्या बिटाने भोक खालून एवढं रुंद करा की वर 70-75 मिमीच अरुंद भोक शिल्लक राहील.

घडवून घ्यायचा असेल तर 18 मिमीचा गोल गुळगुळीत गज घ्या. त्याचं वजन मीटरला 2 किलो भरतं. एका नगाला साधारण अर्धा मीटर लागतो, म्हणजे जोडीला 2 किलो लोखंड. दांडा 260 मिमी ठेवला आहे, म्हणजे 75 मिमीच्या फळीवर 100 मिमी जाडीचं लाकूडही आरामात धरतं. साधं माइल्ड स्टील चालतं. ईएन-8 (मध्यम कार्बनचं पोलाद) मिळालं तर मानेला जास्त लवचीकपणा येतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाल्यांकडे उरलेले तुकडे विचारून बघा. बांधकामाची सळई मात्र घेऊ नका. तिच्यावरच्या नक्षीने भोकाचं तोंड किसून निघतं. लोहाराला दोन गोष्टी बजावून सांगा. मान काटकोनात मोडायची नाही, गोलाईत वळवायची, कारण ठोक्याची ताकद साठवणारी स्प्रिंग ती गोलाईच आहे. आणि तापलेला नग पाण्यात बुडवायचा नाही. राखेत किंवा हवेत सावकाश थंड होऊ द्यायचा, नाहीतर ईएन-8 ठिसूळ होतं. पंजा टोकाकडे किंचित खाली झुकलेला हवा. आधी टोक टेकलं पाहिजे आणि ठोक्यानंतर पूर्ण पंजा बसला पाहिजे. टाच, म्हणजे पंज्याची दांड्याकडची बाजू, आधी टेकत असेल तर पल्ला कमी होतो आणि पकडही.

ओतीव जोडी दिसायला सुबक होती, पण दांड्यावर जाड काळा रंग होता आणि पहिल्या दिवसापासून घसरत होती. रंग खरवडून 80 नंबरचा पॉलिशपेपर दांड्याभोवती आडवा फिरवला, बारीक आडव्या रेषा उमटल्या आणि पकड आली. उभा घासू नका, उभ्या रेषा घसरायलाच मदत करतात. लोहाराच्या जोडीलाही हेच करा. बिडाच्या नगावर लोखंडी हातोडा चालवू नका, मान तडकते. लाकडी मोगरी सगळ्यात बरी.

भोक 19 मिमीचं पाडायचं. 18 च्या दांड्याला 1 मिमी मोकळीक. भोक घट्ट असलं की पकड जास्त बसेल असं वाटतं, पण तसं होत नाही. दांड्याला तिरपं व्हायला जागाच उरत नाही. शिवाय पावसाळ्यात फळी फुगते. एप्रिल-मेमध्ये 40 अंशांच्या वर पारा असताना मोकळा जाणारा दांडा सप्टेंबरच्या पावसात जेमतेम सरकतो. फरक मिलिमीटरच्या दोन-चार दशांशांचा, पण अर्ध्या मिलिमीटरच्या मोकळिकीत तो जाणवतो. 1 मिमी ठेवली तर काही अडत नाही.

भोक काटकोनात पडणं महत्त्वाचं, कारण तिरपं असेल तर एका दिशेला पकड येते आणि पंजा उलट बाजूला फिरवला की सुटते. हातातल्या ड्रिलने डोळ्याच्या अंदाजावर 75 मिमी खोल सरळ भोक पडत नाही. 60 मिमी जाडीचा कठीण लाकडाचा ठोकळा घ्या, ड्रिल प्रेस असलेल्या कारखान्यात त्याला 19 चं सरळ भोक पाडून आणा, तो बेंचवर क्लॅम्पने आवळा आणि त्यातून लांब ऑगर बिट (लाकडात खोल भोक पाडायचं पिळदार बिट) चालवा. बिटाचं टोक खाली दिसलं की थांबा, उरलेलं खालून पाडा, म्हणजे चिपा उडत नाहीत. दोन्ही तोंडांना 2 मिमीचा उतार द्या. भोकात लोखंडी पाइप बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. पोलाद पोलादावर घसरतं.

जागा ठरवताना सगळी भोकं एकदम पाडू नका. मागच्या कडेपासून 90 मिमी आत एक रांग, दोन भोकांत 330 ते 350 मिमी, म्हणजे पल्ल्याच्या दुपटीच्या आत. एवढ्यावर बरंच काम निघतं. पुढची रांग 230 मिमी पुढे, मागच्या भोकांच्या मधोमध. फळीच्या टोकापासून 100 मिमीच्या आत भोक नको, रेट्याने चीर जाते. खालच्या खणाचाही विचार आधीच करा: पातळ लाकूड धरलं की दांड्याचा दीड-पावणेदोनशे मिमी भाग खाली लोंबतो आणि तिथे ड्रॉवर बसत नाही.

पटाशीने कुसवासाठी (सांध्यात शिरणाऱ्या टोकासाठी) खाच पाडताना याला तोड नाही. लाकूड बेंचच्या पायाच्या वर घ्या, एक होल्डफास्ट, एक ठोका, बस. लाकूड मोगरीच्या ठोक्यांनी फिरत असेल तर दुसरा होल्डफास्ट लावण्याआधी बाजूला एक अडणी (लाकूड सरकू नये म्हणून लावलेला अडथळा) लावून बघा. रंध्याला मात्र पंजा थेट आडवा येतो. त्यासाठी 12 मिमी प्लायची 120 बाय 400 ची पट्टी घ्या, एका टोकाला काटकोनी व्ही खाच कापा. फळीचं पुढचं टोक अडणीला, मागचा कोपरा या खाचेत, आणि होल्डफास्ट पट्टीवर. फळीवर काहीच येत नाही, रंधा टोकापासून टोकापर्यंत जातो. फळी उलटायची तर होल्डफास्ट सोडावाही लागत नाही, उचलली, फिरवली, पुन्हा खाचेत टेकवली. फळीची कड रंधायला बेंचच्या पुढच्या उजव्या पायात दोन-तीन भोकं पाडली की लांब फळीला खालून आधार मिळतो. आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगाची वाटलेली भोकं हीच.

सरस लावून सांधा दाबायला हा वापरू नका. दाब कमी-जास्त करता येत नाही आणि शेजारच्या ठोक्यांनी तो सैल होतो. तिथे क्लॅम्पच हवेत.

सागवानावर किंवा मऊ लाकडावर पंज्याचा वण उठतो. 3-4 मिमीचं चामडं पंज्याला चिकटवलं की काम होतं. यंत्रमागाच्या जुन्या चामडी पट्ट्यांचा तुकडा मिळाला तर उत्तम, ते चामडं दबून सपाट होत नाही. चपलांना लावतात ते सोल्युशन पंजा आणि चामडं दोन्हीला लावा, सुकू द्या, मग दाबा. तयार कामावर त्याखाली प्लायचा तुकडाही ठेवा.

पावसाळ्यातली एक खबरदारी. दांडा भोकात रात्रभर ठेवू नका. बाभळीतलं टॅनिन, ओल आणि लोखंड एकत्र आलं की भोकाभोवती निळा-काळा डाग पडतो आणि तो रंध्यानेच जातो. काम झालं की काढून भिंतीला अडकवा. गंज दिसला तर सुक्या कापडाने किंवा तारेच्या ब्रशने पुसा. तेल आणि मेण दांड्याला चुकूनही नको, आणि बेंचला जवसाचं तेल देताना भोकं बोळ्यांनी बुजवून घ्या. तेल मुरलेलं भोक परत कोरडं व्हायला फार वेळ घेतं. सागवानाची फळी मुळातच तेलकट, तिच्यावर दांडा जरा जास्त खरखरीत ठेवावा लागतो.

बेंच हलका असेल तर ठोक्याने तो उडतो, खालच्या फळीवर वजन ठेवा. वरच्या मजल्यावर काम करणाऱ्यांनी पायांखाली जाड रबर घालावं, ठोक्याचा आवाज खालच्या घरात सरळ उतरतो. फळी 35 मिमीपेक्षा पातळ असेल आणि खालून तुकडे जोडायची तयारी नसेल, तर होल्डफास्ट घेऊ नका, त्या पैशात दोन चांगले एफ-क्लॅम्प घ्या.